मेखलेच्या बाजूने, तुझ्या विरुद्ध

ताई, मी अजूनही मेखलेच्याच बाजूची आहे. हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुला वाटायचं, गेलेल्या माणसाचं मन राखायला माधुरीनं माघार घेतली. मन राखण्याचे प्रकार आपल्या घरात या दिवसांत भरपूर झालेत. मामांनी निवडलेला तुझा फोटो हॉलमध्ये लावलाय. त्यात तुझ्या डोक्यावर पदर आहे, ओठ मिटलेले आहेत आणि नजर खाली. येवल्याला सासरी होतीस तेव्हाचा असणार. तू पाहिला असतास तर म्हणाली असतीस, "ही बाई कोण? हिला मी ओळखत नाही."

आणि हो, मी तुला 'तू' म्हणतेय. माझ्या नवऱ्याची, प्रशांतची, मोठी बहीण म्हणून चारचौघांत मी तुला शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हटलं. 'ताई, तुम्ही जेवलात का', 'ताई, तुमचा डबा भरून ठेवलाय'. 'तू' फक्त पुस्तकाच्या गोष्टी निघाल्या की. आज जे काही लिहितेय ते सगळं पुस्तकातलंच आहे असं समज.

मी लग्न होऊन नाशिक रोडच्या या घरात आले तेव्हा तू आतल्या खोलीत राहायचीस. येवल्याहून एसटीनं एका बॅगेसह परत आलेली, आणि कशासाठी ते कुणालाही समजावून न सांगणारी, एवढंच मला माहेरी सांगितलं गेलं होतं. "नणंद घरात आहे, जपून राहा," हेही. मी जपून राहिले. तूही राहिलीस. आपण दोघी एकमेकींशी इतक्या नीट वागायचो की बघणाऱ्याला वाटावं, दोघीही पाहुण्या आहेत. भाजीत मीठ जास्त झालं तरी तू बोलायची नाहीस, आणि तुझा टीव्ही मोठ्यानं लागला तरी मी बोलायची नाही. असं किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक.

मग 'निखाऱ्यांचं खोरं'चा पहिला खंड घरात आला. माझ्या कंपनीच्या बसमध्ये, सातपूरला जाता-येता, मी तो वाचायचे. एक दिवस घरी विसरून गेले आणि संध्याकाळी परत आले तर माझी खूण होती तिथेच होती, पण पुस्तकाला हळदीचा वास येत होता. दोन-चार दिवसांनी मी कणीक मळत होते, तू दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुझी ती मेखला मला अजिबात आवडली नाही."

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण तूही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगायचीस. एका खोऱ्याच्या मधोमध डोंगर आहे आणि डोंगराच्या पोटात आग. राजघराण्यातल्या एका मुलीनं गुहेच्या तोंडाशी जन्मभर बसायचं आणि ती आग शांत ठेवायची, अशी रीत. पाळी असते थोरल्या शर्वाणीची. एका पहाटे शर्वाणी उठते आणि खाऱ्या समुद्राच्या दिशेनं चालू लागते. खोऱ्यात हाहाकार होतो. तेव्हा धाकटी मेखला, जिला अजून केस विंचरायलाही दुसरं कुणी लागतं, ती जाऊन तिच्या जागी बसते. सगळे वाचक मेखलेवर जीव टाकतात. मीही टाकला.

"का नाही आवडली?" मी विचारलं.

"बसली म्हणून. तिला कुणी सांगितलं होतं बसायला?"

"अहो ताई, खोरं जळालं असतं."

"कशावरून? राजगुरू म्हणतो म्हणून? एकानं तरी आग खरंच बाहेर येताना पाहिलीय का? सगळे ऐकीव सांगतात. आणि ही पोरगी विचारत पण नाही. लगेच बसते. वर लेखक तिच्या चेहऱ्यावर प्रकाश पाडतो."

माझ्या हाताला कणीक होती, डोकं तापलं होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, तू काहीही काय बोलतेस! तुला कळलीच नाही ती!"

मी जागच्या जागी गार पडले. मोठ्या नणंदेला अगंतुगं. तुझ्या आई हॉलमध्ये होत्या, त्यांनी ऐकलं असणार. आणि तू हसायला लागलीस. या घरात आल्यापासून तुझे दात मी पहिल्यांदा पाहिले. "असंच म्हणत जा," तू म्हणालीस. "पुस्तकाचं बोलताना तरी."

त्यानंतर आपलं स्वयंपाकघर बदललं. भाकरी थापताना तू राजगुरूची लबाडी उलगडून दाखवायचीस, मी भांडी घासताना सेनापतीची बाजू घ्यायचे. प्रशांत म्हणायचा, "ही माणसं कोण आहेत? आपल्याकडे जेवायला येणार आहेत का?" गंमत अशी की मिठाचंही मग बोलता यायला लागलं. मेखलेवरून एवढं भांडल्यावर मिठाचं काय!

वाचनालयात रविवारी या पुस्तकाचे चाहते जमतात हे मला बसमधल्या अस्मितानं सांगितलं. ते स्वतःला 'खोरेकर' म्हणवून घ्यायचे. मी एकटीच जाणार होते, तू चपला घालून दारात तयार. वरच्या मजल्यावर पंखा कुरकुरत होता, बहुतेक सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात तू, रक्त तपासायच्या लॅबमधून थेट आलेली, हाताला स्पिरिटचा वास. पहिल्या दिवशी तू गप्प बसलीस. दुसऱ्या वेळी अस्मिता तिसऱ्या खंडाचं कौतुक करत होती. ग्रुपची सगळी व्यवस्था तीच बघायची, त्यामुळे तिच्या मताला वजन होतं. तुझी पाळी आली. तू म्हणालीस, "तिसरा खंड वाईट आहे. अर्धा खंड माणसं घोड्यावरून नुसती जातायत. कुठल्या पानावर काय झालं हे मला आठवत नाही, आणि मी कालच संपवलाय."

अस्मिताला फार लागलं. दोन रविवार तिनं तुझ्याकडे पाहिलंही नाही. मी तुला घरी येताना म्हटलं, थोडं गोड बोलायचं होतं. तू रिक्षात माझ्याकडे वळून म्हणालीस, "मी दिवसभर लोकांचं रक्त काढते. सुई हातात घेऊन 'काही होणार नाही' म्हटलं, की माणूस हात ओढून घेतो. मी सांगते, दुखेल. थोडंच दुखेल, पण दुखेल. मग तो हात स्थिर ठेवतो."

अस्मिताचाही हात पुढे स्थिर झाला. चौथा खंड आला तेव्हा वाचून झाल्या झाल्या तिनं पहिला फोन तुला लावला. "शैलाताई, खरं सांगा, मला आवडलाय तेवढा तो चांगला आहे का?" तू तिला तासभर सांगत होतीस, की हो, चांगला आहे, आणि का चांगला आहे. स्तुतीलाही तू तेवढाच वेळ द्यायचीस. हे लोक विसरतात. तुला फक्त नावं ठेवता यायची असं ज्याला वाटतं त्यानं तुला मिठाच्या व्यापाऱ्याच्या प्रकरणावर बोलताना ऐकलं नाही. ते प्रकरण तू उभी राहून सांगितलंस आणि शेवटी तुझा आवाज फाटला.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो रोहनचा रविवार.

रोहन म्हणजे इंजिनिअरिंगचा मुलगा, बोलायला धडाधड. विषय शर्वाणीचा होता. तो म्हणाला, "मला कळत नाही तुम्ही हिला डोक्यावर का घेता. शर्वाणी स्वार्थी आहे. घर टाकून जाणारी बाई नायिका कशी होईल?"

तू सासर सोडून आलीस, एवढं त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी खाली बघत बसले. वाटलं, तू उठून जाशील, किंवा मी उठून काहीतरी बोलून विषय बदलावा.

तू पुढे वाकलीस. "मी पण घर सोडून आलेय, रोहन. नवऱ्याचं. आता सांग, मी स्वार्थी कशी. मला ऐकायचंय."

त्याचा चेहरा पार उतरला. "सॉरी, मॅडम, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"तसंच म्हणायचं होतं तुला. आणि मत चुकीचं असेलच असं नाही. मी समोर बसलेय म्हणून ते बदलू नकोस. मांड नीट."

मग तो पोरगा, मान वर न करता, म्हणाला, "तुम्ही आलात तेव्हा... मागे कुणी अडकलं का? शर्वाणीमुळे मेखला अडकली, तसं?"

मी तुला विचार करताना पाहत होते. मग म्हणालीस, "हो. माझी सासू. तिला दिसायचं नाही. तिचं सगळं मी करायचे. माणूस वाईट नव्हती ती. नवरा हात उचलायचा, तिला ऐकू यायचं, ती देवाचं नाव घेत बसायची. मी निघाले त्या दिवशी तिचं जेवण झाकून ठेवलं. पुढे तिचं कुणी केलं ते मला माहीत नाही."

"मग?" रोहननं विचारलं.

"मग काही नाही. ते आहेच माझ्यावर. ते असूनही मी परत तेच करीन. तुझ्या लेखकानं शर्वाणीला हे ओझं दिलंय, म्हणून मला ती आवडते. ती हसत हसत गेली असती तर मीही म्हटलं असतं, स्वार्थी आहे."

त्या दिवशी मला तुझी गोष्ट कळली. इतकी वर्षं एका छताखाली राहून मी विचारली नव्हती, तू सांगितली नव्हतीस. एका कादंबरीतल्या बाईचा हिशेब नीट व्हावा म्हणून तू ती वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अनोळखी पोरांपुढे ठेवलीस. परत येताना बिटकोच्या चौकात तू उसाचा रस घेतलास, बर्फ न घालता.

त्यानंतर आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी सगळे हॉलमध्ये बसले होते. मामा सिन्नरहून आले होते. ते म्हणाले, "आता घरात कुणीतरी पायजे. माधुरीची नोकरी तशी खाजगीच हे. तिनं सोडली तर काय लय फरक पडत नाय."

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. खरं सांगते ताई, मी हो म्हणणार होते. मला कुणी ढकललं नव्हतं. आत कुठेतरी छान वाटत होतं. सगळे आता माझ्याबद्दल चांगलं बोलतील, आणि मी गप्प बसून सगळं करीन, आणि माझ्या चेहऱ्यावर प्रकाश पडेल.

तू पाणी घेऊन आली होतीस. ट्रे टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "या घरात मेखला नको."

मामांना कळेना. "कोण मेखला?"

"आहे एक बाई. प्रशांत, तुझी सकाळची शिफ्ट असते त्या आठवड्यात तू दुपारी घरी असतोस. आईचं अंग पुसणं तुझ्याकडे. लाज वाटायचं कारण नाही, तुझी आई आहे. दिवसा बाई ठेवू. लॅबमधून मी लवकर सुटते, संध्याकाळ माझी. रविवार माधुरीचा. मामा, तुम्ही महिन्यातून एकदा येऊन राहा, मग मत द्या."

मामा चिडून निघून गेले. पण पुढच्या महिन्यात पिशवी घेऊन आले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मी नोकरी सोडली नाही. आज त्या कंपनीत खरेदीचा अख्खा विभाग मी सांभाळते. याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, कारण तू मानू दिले नाहीस. मी सुरुवात केली की म्हणायचीस, "भांडी राहिलीत."

आता आपल्या अर्धवट भांडणाकडे येते. दवाखान्यातल्या.

तुला कावीळ म्हणून नेलं आणि ती निघाली यकृताची गाठ, फार पुढे गेलेली. डॉक्टर गोल गोल बोलत होते. तू त्यांना थांबवलंस. "दुखेल का, आणि किती दिवस, एवढं सांगा." त्यांनी सांगितलं. तू म्हणालीस, "बरं." मग माझ्याकडे वळून, "त्या लेखकाला कुणीतरी कळवा, पाचवा खंड लवकर आण म्हणावं. माझ्याकडे वेळ नाही." मी रडायला लागले आणि हसायलाही लागले. शेजारच्या कॉटवरची बाई बघत राहिली.

एका दुपारी मी तुझे पाय चेपत होते आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "एक बोलू? पुस्तकाचं आहे."

"बोल."

"तू जन्मभर मेखलेला शिव्या दिल्यास. पण आईंपाशी रोज संध्याकाळी कोण बसत होतं? सणाला, लग्नाला कुठे गेलीस का? त्या तुझ्याशी धड बोलायच्या नाहीत, तू परत आलीस हे त्यांनी कधी गिळलं नाही, आणि तू त्यांना चमच्यानं पेज भरवत होतीस. मेखला तूच होतीस, ताई. कबूल कर."

तुला राग आला. एवढ्या अशक्तपणातही आला. तू पाय ओढून घेतलेस. "अजिबात नाही. मला उठून जाता येत होतं. मी एकदा गेलेली बाई आहे, मला रस्ता माहीत होता. म्हणून मला बसता आलं. तुझ्या मेखलेला दारच दिसत नाही."

"तिलाही दिसतं! चौथ्या खंडात ती बहिणीच्या पावलांच्या ठशांकडे बघत बसते ते काय आहे मग?"

"ते... " तू थांबलीस. विचार करत होतीस. मग नर्स सलाईन बदलायला आली, आणि तू म्हणालीस, "थांब, याचं उत्तर आहे माझ्याकडे. उद्या देते."

दुसऱ्या दिवशी तू ग्लानीत गेलीस आणि मग बोललीच नाहीस. त्यामुळे उत्तर राहिलं. मी ते तुझ्या वतीनं तयार करणार नाही. तसं केलं तर ते माझ्याच सोयीचं होईल. तुझ्याकडे काहीतरी होतं, आणि ते चांगलं होतं, कारण तू बोलायच्या आधी तुझी डावी भुवई वर गेली होती. एवढं मला माहीत आहे.

तुझ्या तेराव्याला नातेवाईक जमले. खोरेकरही आले, अस्मिता, रोहन आणि बाकीचे, दाराशी अवघडून उभे. जेवणं झाल्यावर बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं, साधी होती. कुणी म्हणालं, शब्दानं कुणाला दुखवलं नाही. रोहननं खाली मान घातली, मला वाटतं हसू लपवायला. मग मामा डोळे पुसत म्हणाले, "बिचारीनं जन्मभर सोसलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाय."

मी उभी राहिले. चारचौघांत बोलायची मला सवय नाही.

"मामा, असं नव्हतं," मी म्हटलं. "ताईंनी सोसलं नाही. सोसायची वेळ आली तेव्हा त्या बॅग भरून निघून आल्या. अवाक्षरं त्यांनी भरपूर काढली, तुमच्याबद्दल काढली, माझ्याबद्दल काढली. शिळ्या भाताचं त्यांना वेड होतं आणि दुसऱ्याच्या ताटातला मागायच्या. नवीन माणसाशी पहिल्या भेटीत तुटक वागायच्या, ते चूक होतं. टीव्ही फार मोठा लावायच्या. आणि मला या घरात ज्या बाईनं कधी खोटं सांगितलं नाही अशी ती एकच. तिला बिचारी म्हणू नका. मला ते चालणार नाही."

प्रशांत रडत होता. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्याबद्दल काय म्हणायची?"

"तुम्ही मत आधी देता आणि येता नंतर, असं."

मामांनी मान हलवली. "म्हणजे खरंच म्हणायची," म्हणाले, आणि नाक पुसलं.

फोटो मी त्याच संध्याकाळी काढला असता, पण प्रशांत म्हणाला, राहू दे, दुसरा मिळेपर्यंत. अस्मितानं वाचनालयातला एक पाठवलाय. तू बोट नाचवत कुणालातरी काहीतरी सुनावते आहेस, तोंड उघडं, अर्धा चेहरा हललेला. तो मोठा करायला दिलाय.

काल संध्याकाळी आईंच्या खोलीत गेले. तुझी संध्याकाळ आता प्रशांतनं आणि मी वाटून घेतली आहे. आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तेराव्यालाही त्या आतच होत्या, दार उघडं होतं. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं तुला कळायचं तेवढं मला पटकन कळत नाही, दोनदा विचारावं लागलं.

"ते पुस्तक," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी भांडायच्या ते. वाच."

मी पहिला खंड आणला. चष्मा लावला. डोंगर आला, आग आली, राजगुरू आला. राजगुरूला ऐकून आईंनी तोंड वाकडं केलं, तेव्हाच मला कळलं, जमणार आहे. मग शर्वाणीची पहाट आली. ती उठते, राख झटकते, गुहेच्या तोंडापासून खाली उतरते, झोपलेल्या खोऱ्यातून वेशीपर्यंत येते. मी तिथे थांबले. प्रकरण तिथे संपतं.

आईंचा चांगला हात चादरीवर होता. तो पुढे येऊन माझ्या मनगटावर पडला.

"मागं फिरून पाह्यलं का तिनं?"

"नाही, आई. सरळ गेली."

बाहेर भंगारवाल्याची हाक गल्लीतून लांब गेली.

"बरं केलं," आई म्हणाल्या.